निळ्या लाह्या

डिसेंबर अर्धा सरला की नांदेडची सकाळ अंगाला बरी वाटते. गॅलरीत कोवळं ऊन येतं, नातीच्या शाळेला नाताळची सुट्टी लागायची असते आणि त्याआधी सुनेच्या फोनवर शाळेकडून कामं येऊन पडतात. यंदाची यादी वाचून मला हसूच आलं. कापसाचा हिममानव, कागदी ताटलीचा सांताक्लॉज, आइस्क्रीमच्या काड्यांची चांदणी आणि पॉपकॉर्नची माळ. नांदेडात बर्फ बघायचा तर रसवंतीवर जावं लागतं, तिथं आमची ओवी हिममानव करणार. सून म्हणाली, आई, हे खातं तुमचं. जन्मभर प्राथमिक शाळेत हस्तकला शिकवली, त्यामुळे घरातला कात्री-डिंकाचा कारभार आपोआप माझ्याकडे येतो. मलाही तो हवाच असतो.

हिममानव झाला. नाकाला गाजर नव्हतं म्हणून लाल मिरची लावली, ती ओवीला फार पसंत पडली. सांताक्लॉजची दाढी जरा वाकडी चिकटली. मग माळ घेतली. ओवी सात वर्षांची आहे. सुई टोचताना तिची जीभ आपोआप बाहेर येते. एक पॉपकॉर्न ओवायचा, एक तोंडात टाकायचा, असं चाललं होतं. अर्ध्या तासात वाटी रिकामी झाली आणि माळ वीतभर. सुनेनं आणखी एक पाकीट फोडलं. कुणी काही म्हटलं नाही, आणि म्हणण्यासारखं त्यात आहे तरी काय? मी मात्र चष्मा पुसायच्या निमित्तानं आत गेले ती बराच वेळ बाहेर आले नाही. लेकराची ती बाहेर आलेली जीभ मला बघवेना.

माझ्या शिक्षकीच्या गोष्टी घरात सगळ्यांना पाठ आहेत. कुठल्या मुलाला पाढे कसे शिकवले, कुठल्या गावानं निरोपाला कसं रडवलं, सगळं. ही एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितलेली नाही.

लातूर नवा जिल्हा झाला होता, तेव्हाचे हे दिवस. पाट्यांवरचं उस्मानाबाद पुसून तिथं लातूर लिहिणं चाललं होतं. लोकांना त्या जिल्ह्याचं काय कौतुक! लातुरात एका केशकर्तनालयाच्या पाटीवरसुद्धा 'जिल्हा' हा शब्द चढला होता. तिथल्या बाजारात म्हातारी माणसं एकमेकांना सांगत, आता कागदासाठी उस्मानाबादला खेटे घालायचं सरलं. आणि त्याच वर्षी पावसानं पाठ फिरवली. मृगात दोन सरी आल्या, पुढं नुसता वारा. हातभर वाढलेली ज्वारी कणीस धरायच्या आत पिवळी पडली. दिवाळीनंतर रोजगार हमीची कामं निघाली. रस्त्याच्या कडेनं खडीचे ढीग दिसू लागले आणि माझ्या वर्गातल्या मुली कडेवर भावंडं घेऊन शाळेत येऊ लागल्या, कारण आया खडी फोडायला जात होत्या.

मी तेव्हा बावीस वर्षांची. पहिलीच नेमणूक, रेणापूरच्या पलीकडच्या एका लहानशा गावी. माहेर मुखेडकडचं. शेती कोरडवाहू, पण भरपूर. आमच्या घरी दुष्काळ म्हणजे त्या वर्षी ज्वारी विकायची नाही, एवढाच अर्थ. कणगीच्या तळाला कुणाचा हात लागलेला मी कधी पाहिला नव्हता. तरी तोरा असा, की मी खेड्यातलीच आहे, मला काय खेडं सांगता.

डी.एड.ची दोन वर्षं मी मिशनच्या वसतिगृहात काढली होती. तिथल्या वॉर्डनबाई डिसेंबर लागला की आम्हा मुलींना घेऊन बसायच्या. तुरीच्या काड्यांची चांदणी बांधायची, तिला पतंगाचा कागद लावायचा, आत दिवा ठेवायचा. गव्हाणीतल्या बाळाचा देखावा मांडायचा. खिडक्यांना ज्वारीच्या लाह्यांच्या माळा लावायच्या. लाह्या आम्ही नागपंचमीला खाणारी माणसं. त्या दोऱ्यात ओवून भिंतीला लावतात हे मी तिथं पहिल्यांदा पाहिलं. पांढऱ्याशुभ्र माळा खिडकीत हलायच्या आणि खोलीभर भाजल्या ज्वारीचा वास यायचा. सांगायला हरकत नाही, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यांत सुखाचे डिसेंबर. वॉर्डनबाई शेवटच्या दिवशी सगळ्या माळा उतरवून त्यात गूळ-शेंगदाणे कालवायच्या आणि आम्हाला खायला द्यायच्या. एवढं एक मी पुढं सोयीनं विसरले.

मुख्याध्यापक गुरुजींनी सांगितलं, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नव्या जिल्ह्याचे साहेब शाळा बघायला येणार आहेत, काहीतरी करून दाखवा. बाकीच्या शाळा लेझीम दाखवतील, स्वागतगीत म्हणतील. मी म्हटलं, आपण नाताळ दाखवू. सर्वधर्मसमभाव होईल आणि हस्तकलाही होईल. गुरुजींना ते आवडलं. खरं कारण माझं मला ठाऊक होतं. माझं लग्न ठरलं होतं, होणारा नवरा लातुरात नोकरीला होता, आणि मला लातूरला बदली हवी होती. साहेबांच्या लक्षात राहायचं तर इतरांपेक्षा वेगळं काही दाखवायला हवं होतं.

तरीही ते दोन आठवडे गोड होते, खोटं कशाला सांगू? मुलांनी बाभळीचा डिंक गोळा करून आणला. ज्वारीचे धांडे सोलले. धांडा म्हणजे ज्वारीचं वाळलेलं ताट. वरची साल चाकूसारखी धारदार, आतला गाभा थर्माकोलसारखा हलका. या भागातली मुलं त्याच्या बैलगाड्या करतात, चष्मे करतात. आमच्याकडे त्याचे उंट झाले, राजे झाले, मेंढ्या झाल्या. मेंढ्या एकट्या विमलनं केल्या.

विमल चौथीत होती. बुद्धवाड्यातली. आई-वडील दोघंही खडीवर, म्हणून दीड वर्षाची धाकटी बहीण दिवसभर हिच्या मांडीवर. ती बहिणीला मांडीवर घेऊनच काम करायची आणि वर्गात तिच्याएवढा सफाईदार हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. गाभ्याचा एक तुकडा, त्याला चार बाभळीचे काटे पायांना, आणि मानेला असा काही बाक द्यायची की मेंढी चरतेय असंच वाटावं. गाठ मारावी तर विमलनं. दोऱ्याला निरगाठ अशी नेटकी बसवायची की सुटायची नाही आणि दिसायचीही नाही. मी मोठी चांदणी तिच्या हाती द्यायचं ठरवलं. साहेब आले की तिनं दारात चांदणी धरून उभं राहायचं. तिनं दोन दिवस आधीपासून केसांना तेल लावून यायला सुरुवात केली.

मी मुलांना नाताळची गोष्ट सांगितली. एक बाई, घरापासून लांब, दिवस भरलेले, कुठंच जागा मिळेना, शेवटी गोठ्यात बाळ झालं. विमलनं विचारलं, बाई, मग ढोरं कुठं बांधली? मी हसले. त्या वर्षी गावातले गोठे ओस पडले होते, जनावरं विकली तरी गेली होती नाहीतर छावणीला लावली होती. तिला वाटलं, तिथंही तसंच असणार.

माळांसाठी मी प्रत्येकाला मूठभर ज्वारी आणायला सांगितलं. दुष्काळात. चौथीच्या लेकरांना. आज हे वाक्य लिहिताना हात थांबतो, तेव्हा तोंड थांबलं नाही. सगळ्यांनी आणली. विमलनं फडक्याच्या टोकाला बांधून आणली ती रेशनची तांबडी ज्वारी होती. ती कढईत नीट फुटेना, नुसती करपायला लागली. मी ती बाजूला काढली आणि गुरुजींच्या कोंबड्यांपुढं टाकली.

अंगणात तीन दगड मांडून कढई ठेवली होती. लाह्या फुटू लागल्या आणि सगळी शाळा गोळा झाली. एवढी मुलं, पण आवाज म्हणून नाही. फक्त तडतड ऐकू येत होती. मला वाटलं, वा, काय शिस्त लागली आहे माझ्या वर्गाला. मग ओवायला बसवलं तर हात तोंडाकडे जाताना दिसू लागले. मी ओरडले. पुन्हा तेच. तेव्हा मला ती अक्कल सुचली. मी नीळ आणली, कपड्यांना घालायची. पाण्यात कालवली आणि उरलेल्या सगळ्या लाह्यांवर शिंपडली. लाह्या जरा आक्रसल्या, पण उन्हात वाळल्यावर रंग छान दिसायला लागला. मुलांना म्हटलं, आता या खायच्या नाहीत, शोभेच्या आहेत, खाल्ल्या तर पोट दुखेल. सगळी लेकरं त्या निळ्या ढिगाकडे बघत उभी होती. मी स्वतःवर खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीवरची माळ हातभर कमी होती. तोडलेल्या टोकाला निरगाठ मारलेली होती, बाकीच्या लाह्या गळू नयेत म्हणून. ती गाठ बघूनच मला कळायला हवं होतं. पण मी रागानं आंधळी झाले होते. साहेब परवा येणार होते. मी विचारलं, कुणी तोडली?  मग म्हटलं, जिभा काढा. नीळ आहे, जिभेवर दिसणारच.

सगळ्या वर्गानं जिभा बाहेर काढल्या. काहींना हसू आवरत नव्हतं. मी तपासायला सुरुवात मागच्या ओळीपासून केली.

मागच्या ओळीत बुद्धवाड्यातली मुलं बसत. मी त्यांना तिथं बसवलं नव्हतं, मी येण्याआधीपासून ती तिथंच बसत होती आणि मला त्यात कधी काही खटकलं नव्हतं. पुढच्या ओळींना ओलांडून मी थेट मागं गेले. पाय आपोआप गेले, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. आपोआप गेले, हीच तर लाजेची गोष्ट आहे.

विमलची जीभ स्वच्छ होती. तिच्या शेजारच्यांचीही स्वच्छ होती. तेवढ्यात तिच्या मांडीवरच्या धाकटीनं, सगळे करतायत म्हणून, हसत हसत आपलीही जीभ बाहेर काढली. निळीभोर.

मी विमलकडे पाहिलं. ती उभी राहिली, बहिणीला कडेवर घेऊन. घाबरली होती, पण तिला वाटत होतं की मी लेकराच्या काळजीनं चिडले आहे.

"बाई, म्या धुऊन चारल्या," ती म्हणाली. "तीनदा धुतल्या. रंग पोटात जाऊ दिला न्हाई."

तू किती खाल्ल्यास, मी विचारलं.

"म्या न्हाई खाल्ल्या. मला म्हाईत हाय न्हवं, त्या शोभेच्या हायत. तिला कळत न्हाई."

यावर कुणीही माणूस गप्प झाला असता. मी झाले नाही. मी म्हणाले, "तुम्हा लोकांना कितीही शिकवा..." आणि वाक्य तिथंच सोडून दिलं. पुरं करायची गरज नव्हती. पुढच्या ओळीत कुणीतरी खुदकन हसलं. मागची ओळ सगळीच्या सगळी खाली बघू लागली. विमलच्या शेजारी ठेवलेली चांदणी मी उचलली आणि पुढच्या ओळीतल्या एका मुलीच्या हातात दिली. पुढच्या ओळींच्या जिभा मी बघितल्याच नाहीत. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आलेल्या त्याच मुलीनं मला गमतीनं सांगितलं, की बाई, मी पण खाल्ल्या होत्या, पण चिंच चघळून जीभ साफ केली. मीही तिच्याबरोबर हसले.

साहेब आले. जीपमधून उतरले, सगळं प्रेमानं पाहिलं, घाईत असूनही गोठ्याच्या देखाव्यापुढं थांबले. एक मेंढी तळहातावर घेऊन म्हणाले, ही कुणी केली? मी म्हटलं, आमच्या मुलांनी. निळ्या लाह्यांचं त्यांना विशेष कौतुक वाटलं. शेरेबुकात त्यांनी माझ्याबद्दल चांगलं लिहिलं. जूनमध्ये मला लातूर मिळालं.

विमल त्या दिवसानंतर शाळेत आली नाही. पाच-सहा दिवस वाट बघून गुरुजी म्हणाले, बाई, पोरगी हाताची लई चांगली हाय, जाऊन घेऊन या तिला. शाळेपासून बुद्धवाडा हाकेच्या अंतरावर. मी निघाले. हातपंपापर्यंत गेले. तिथं घागरींची रांग लागली होती, पंप पाच-सहा हिसक्यांना एकदा थुंकल्यासारखं पाणी टाकत होता. रांगेत विमलची आई उभी होती, धाकटी तिच्या कडेवर. तिनं मला बघून पदर सारखा केला. विमल कुठंय, मी विचारलं. खडीवर हाय, ढीग राखून राहिली, ती म्हणाली. मग घागर पुढं सरकवून म्हणाली, "काही काम हुतं का, बाई?"

तिला सगळं ठाऊक होतं की काहीच नव्हतं, तिच्या चेहऱ्यावरून कळेना. उद्या पाठवा, एवढे दोन शब्द म्हणायचे होते. चुकले मी, हे तर त्याहून सोपं होतं. धाकटी माझ्याकडे बघून हसत होती. मी म्हणाले, नाही, सहज आले होते. आणि परत फिरले. गुरुजींना सांगितलं, घरचे पाठवायला तयार नाहीत.

पुढं पस्तीसेक वर्षं शिकवलं. मागच्या ओळी मोडून मुलांना गोल बसवायला लागले. रंगवलेली खायची वस्तू वर्गात कधी ठेवली नाही. डबा न आणणाऱ्या मुलांना कुणाला कळू न देता खाऊ घातलं. लोक म्हणायचे, बाईंचा फार जीव आहे लेकरांवर. असेलही. पण त्यातलं बरंचसं मी त्या एका मुलीपासून लांब राहून इतरांना देत होते. शरमेची एक मोठी सोय असते. ती वाटली की आपण चांगले आहोत असं वाटतं, आणि मग ज्याच्याकडे जायला हवं त्याच्याकडे न जाताही दिवस निघतात. लातूरहून रेणापूर काही सातासमुद्रापार नाही. एसटी तासातासाला होती.

निवृत्तीच्या आधी वर्षभर, एका लग्नाहून परतताना मी रेणापूरच्या बसस्थानकावर उभी होते. मे महिना, बाकांवर धूळ. एक बाई जवळ आली, पन्नाशीकडे झुकलेली वाटावी अशी, पण तेवढी नसणार. म्हणाली, "बाई, तुम्ही आमच्या शाळंवर व्हत्या न्हवं? म्या विमल." आणि मी सावरायच्या आत वाकून पाया पडली.

तिच्याबरोबर तिची मुलगी होती, लातूरला नर्सिंग शिकणारी, पाठीला बॅग, हातात फोन. विमल तिला माझी ओळख करून देत होती. ह्या आमच्या बाई. ह्यांनी आमाला चांदन्या शिकवल्या, मेंढ्या करून घेतल्या, लाह्याच्या माळा करून घेतल्या. ती आता गावातल्या अंगणवाडीत मदतनीस होती. लेकरांकडून सगळं हातानं करून घेते, म्हणाली, बाईंनी शिकवलं म्हून येतंय. निळीचं नाव तिनं काढलं नाही. धाकटी पुण्याला असते, दोन मुलं आहेत, हे तिनं मी न विचारताच सांगितलं. माझ्या छातीतून काहीतरी उतरलं आणि त्याचीही मला लाज वाटली.

मुलगी कौतुकानं ऐकत होती. मग तिनं मलाच विचारलं, "मॅडम, मम्मी एवढी हुशार होती तर तिनं चौथीत शाळा का सोडली? आम्ही कितीदा विचारलं, ती सांगतच नाही."

 विमलनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, आणि रस्त्याकडे बघत राहिली. माझ्यासाठी जागा करून ती बाजूला झाल्यासारखी उभी होती. इतकी वर्षं मी मनात जे घोळवत आले होते ते सांगायला याहून चांगली वेळ येणार नव्हती. तिच्या लेकीनं विचारलं होतं. माझ्या जिभेवर ते आलंही.

"दुष्काळ होता, बाळ," मी म्हणाले.

विमलनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही.

"हाव," ती लेकीला म्हणाली, "दुष्काळ व्हता." आणि पदरानं बाकावरची धूळ झाडून तिनं मला बसायला जागा करून दिली.